एकच गुहा, चार नियमपुस्तकं: जुन्या वळणाचे फँटसी खेळ कसे तोलून बघावेत

फोंड्याला आमच्या घराच्या पडवीत दर रविवारी पाच माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात, हे आईच्या पचनी पडायला वर्ष गेलं. गोव्यात फासे म्हटले की एक तर मांडवीतल्या कसिनोच्या बोटी डोळ्यांसमोर येतात, नाही तर जत्रेतला गडगडा. "पैसे लावत नाही ना रे?" हा प्रश्न ती अजूनही चहाच्या कपांबरोबर टेबलावर आणून ठेवते. पैसे लावत नाही. आमचा खेळ बोलून खेळायचा: एक जण गुहा नि तिच्यातली संकटं रचतो, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतात, आणि जमलं की फसलं ते बरेचदा फासे ठरवतात. पण खेळात नाणी मोजतो, आणि ती कोणाच्या पाठीवर टाकायची यावरून भांडतोही. हा लेख त्या भांडणांतूनच निघाला.

नव्याने खेळू लागलेले लोक विचारतात, जुन्या वळणाचे एवढे खेळ आहेत, त्यातला चांगला कुठला? मग ते पीडीएफ उतरवतात, लढाईचा भाग वाचतात, तलवारीला कुठला फासा ते बघतात आणि गोंधळतात, कारण त्या भागात सगळे जवळजवळ सारखेच निघतात. मला विचाराल तर खेळ तोलायचा तो तुम्हाला काय मोजायला लावतो त्यावर. मशाल मोजायला लावतो का? वजन? शत्रूची भीती? सोनं? जे मोजलं जातं त्याच्याभोवतीच खेळाडू डोकं चालवतात. जे मोजलं जात नाही ते दोन रविवारांत सगळे विसरतात.

आणि हे वाचून कळत नाही. एकच गुहा, तीच चार पात्रं घेऊन प्रत्येक नियमपुस्तकातून एकदा चालून बघावं लागतं. ते कसं करायचं ते सांगतो.

आधी थोडी वंशावळ

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत तीन बारक्या पुस्तिकांच्या रूपात आला. त्यात वर्ग, म्हणजे पात्रांचे पेशे, तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे लढणारा पुजारी. चोर आला १९७५च्या पुरवणीत, आणि प्रत्येक हत्याराला वेगळा फासाही तेव्हाच आला. पुढे झाडाला दोन फांद्या फुटल्या. एक 'अॅडव्हान्स्ड' म्हणून १९७७ ते १९७९ या काळात तीन जाडजूड पुस्तकांत पसरली. दुसरी सोपी ठेवली गेली. तिची सगळ्यात आटोपशीर आवृत्ती १९८१ची, टॉम मोल्डवेचं 'बेसिक' आणि डेव्हिड कुकचं 'एक्सपर्ट'. या जोडीला लोक बी-एक्स म्हणतात.

२००० साली खेळाचे नवे मालक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली दिला. त्याच्या आधाराने २००६पासून जुने नियम नव्याने लिहून काढणारी पुस्तकं येऊ लागली. आज आपण ज्यांची तुलना करतो ती बहुतेक याच पिढीतली.

पहिलं काम: चारच निवडा

पंचवीस पुस्तकं उतरवून फोनमध्ये साठवण्याचा मोह मलाही झाला होता. तसं करू नका. ही चार पुरेत. चौघांची सुरुवात करण्यापुरती पीडीएफ फुकट मिळते.

'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' म्हणजे बी-एक्सचीच नीट मांडलेली प्रत, गॅव्हिन नॉर्मनची. तिचे 'बेसिक रूल्स' फुकट आहेत आणि पहिल्या तीन पातळ्यांना, म्हणजे अनुभवाने चढायच्या पायऱ्यांना, पुरतात. इथे एल्फ हा मानवेतर वंश स्वतःच एक वर्ग असतो. एल्फ चोर वगैरे प्रकार नाही. 'बेसिक फँटसी' ख्रिस गॉनरमनचं. आराखडा जुनाच, पण वंश वेगळा, वर्ग वेगळा, आणि चिलखताचा आकडा चढता. 'व्हाइट बॉक्स' १९७४च्या त्या तीन पुस्तिकांच्या वळणावर जातं, आणि जवळपास सगळं साध्या सहामुखी आणि एका वीसमुखी फाशावर भागतं. चौथा 'केर्न', योचाइ गाल यांचा, २०२०चा. तो या वंशातला नाही, दत्तक म्हणा हवं तर. त्यात वर्ग नाहीत, पातळ्या नाहीत आणि नेम लागला की चुकला यासाठी फासाही नाही. मुद्दाम तो घ्या. तिघे भाऊ एका रांगेत उभे केले तर फरक दिसत नाही. शेजारचा एखादा आणून उभा केला की दिसतो.

दुसरं काम: गुहा आखा

सहा खोल्यांपेक्षा मोठी नको. आमची गुहा साखळीजवळच्या हरवळ्याच्या कोरीव लेण्यांवरून सुचली. तिथला धबधबा, ओल, काळा जांभा सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळे वर्णनात वेळ जात नाही. तुम्ही तुमच्या ओळखीची जागा घ्या, फक्त या पाच गोष्टी तिच्यात हव्यातच:

- वाटाघाटीला जागा असलेली टोळी. आमच्याकडे पाच गॉब्लिन, म्हणजे बुटके दुष्ट जीव, मासे भाजत बसलेले.
- न लढता हाताळता येईल असा सापळा. कुलूपबंद दगडी पेटी, कडीत विषारी सुई.
- जड खजिना. तांब्याचा हंडा, आत ३,००० चांदीची नाणी.
- पहिल्या पातळीच्या पात्रांना झेपणारच नाही असा एक प्राणी.
- तोंडापासून हंड्यापर्यंत लांब वाट. आम्ही २४० फूट धरली.

चौथ्या कलमासाठी मी पुस्तकातला ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, उचलला, चार फाशांच्या वर ताकदीचा, आणि त्याचं नाव ठेवलं 'राखणदार'. आमच्याकडे गावाची राखण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात, आणि त्याला रोटाचा, म्हणजे जाड भाकरीचा, नैवेद्य ठेवतात. ही माझी चूक की शहाणपण ते अजून ठरलेलं नाही. पेडण्याच्या खेळाडूने नाव ऐकताच तलवार खाली ठेवली. "राखणदाराशी कोण भांडतो? रोट ठेवूया." बाकीच्यांनी मान डोलावली. लढाईसाठी आखलेली खोली नैवेद्याची झाली. पण त्यामुळेच एक गोष्ट कळली, ती पुढे सांगतो.

तिसरं काम: तीच पात्रं, ठरलेले आकडे

प्रत्येक वेळी नवे फासे टाकून पात्रं केलीत तर तुलना बिघडते. एका रविवारी योद्ध्याला १७ ताकद, दुसऱ्या रविवारी ८. म्हणून एक योद्धा, एक क्लेरिक, एक चोर, एक मांत्रिक, आणि सगळ्यांचे गुण १० धरा. केर्नमध्ये वर्ग नाहीत, तर सामानातून वर्ग करा: चिलखत नि तलवार ज्याच्याकडे तो योद्धा, मंत्राचं पुस्तक ज्याच्याकडे तो मांत्रिक.

पात्र करायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. आमच्याकडे केर्नला दहा मिनिटं, व्हाइट बॉक्सला पंधरा, बाकी दोघांना अर्ध्या तासाच्या आसपास. त्यातला बराचसा वेळ दुकानात जातो: कोणता दोर, किती तेल, किती मशाली. तो वाया गेला असं समजू नका. ज्या खेळात दोर विकत घेताना विचार करावा लागतो, त्या खेळात पुढे दोर वापरलाही जातो.

चौथं काम: खेळा, आणि एकाने वही सांभाळा

चार रविवार, प्रत्येकी तीन तास. पावसाळा यासाठी उत्तम, कारण कोणाला कुठे जायचं नसतं. एक अडचण मात्र खरी आहे: दुसऱ्या रविवारी सगळ्यांना गुहा पाठ असते. आम्ही दर वेळी खोल्यांची जागा बदलली आणि पेटीतली सुई कधी कडीत, कधी झाकणात ठेवली. संकट तेच, पत्ता वेगळा. जमत असेल तर दोन गट करा, तो सगळ्यात प्रामाणिक उपाय.

खेळ चालवणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. रेफरी म्हटलं की फुटबॉलची शिट्टी आठवते, आणि दशावतार बघत वाढलेल्या माणसाला सूत्रधार सांगून कळतो. तसंही दशावतारात संवादाची संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी. या खेळांत तर कथाही ठरलेली नसते.

सूत्रधाराने वही ठेवू नये. त्याच्या हातात आधीच पुरे आहे. दुसऱ्या कोणीतरी एवढं लिहावं: पुस्तक किती वेळा उघडावं लागलं. किती मशाली जळल्या. कोण वीस मिनिटं गप्प बसलं. पळण्याचा विचार पहिल्यांदा कधी निघाला. काय मागे टाकून यावं लागलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका आहे.

आता वहीतलं

नेम. इथे मी थोडक्यात आटपणार, कारण इथे काही नाही. इसेन्शियल्समध्ये चिलखताचा आकडा, म्हणजे एसी, उतरता, म्हणजे कमी तितका चांगला. लोक याला घाबरतात. खोलीतला एसी आठवा: आकडा कमी तितका गार. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा थॅको (शून्य एसीवर नेम लागायला वीसमुखी फाशावर हवा तो आकडा) १९, गॉब्लिनचा एसी ६, वजा करा, १३ किंवा जास्त पडायला हवेत. बेसिक फँटसीत आकडा चढता: गॉब्लिन १४, योद्ध्याला अधिक १, म्हणजे फाशावर पुन्हा १३. व्हाइट बॉक्समध्ये तोच हिशेब, तेच १३. तिन्हीकडे शंभरात ४० वेळा नेम लागतो. चढता बरा की उतरता बरा यावर लोकांनी रात्री जागवल्यात. वजाबाकी येत असेल तर काही फरक पडत नाही. नसेल येत तर चढता घ्या.

केर्नमध्ये मात्र टेबलाचा चेहराच बदलतो. वार केला की लागतोच. फासा फक्त किती लागला ते सांगतो, आणि त्यातून चिलखताचा आकडा वजा होतो. एचपी, म्हणजे मार सोसायचा आकडा, इथे रक्त मोजत नाही, नशिबाने वाचण्याची क्षमता मोजतो. दोन घोट पाणी पिऊन क्षणभर टेकलं की परत येतो. तो संपला की मार थेट ताकदीवर जातो आणि प्रत्येक घावाला ताकदीचा फासा टाकावा लागतो, नाही तर माणूस आडवा. दोन्ही बाजूंचे वार चुकत नाहीत हे कळल्यावर आमचा योद्धा दुसऱ्याच फेरीत म्हणाला, "मग लढायचंच कशाला?" हा प्रश्न इसेन्शियल्समध्ये त्याला दोन पात्रं मेल्यावर पडला होता.

भीती. नवे खेळाडू हे पान उलटून पुढे जातात, आणि जुन्या खेळांचा अर्धा जीव इथेच असतो. इसेन्शियल्समध्ये समोर कोणी आलं की सूत्रधार दोन सहामुखी फासे टाकतो. २ आले तर लगेच हल्ला, ३ ते ५ वैर, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ अलिप्तपणा, बोलणी जमू शकतात, १२ म्हणजे मैत्री. हिशेब करा: लगेच हल्ल्याची शक्यता छत्तीसात एक. संभ्रमाची छत्तीसात सोळा. म्हणजे गुहेतले जवळजवळ निम्मे जीव आधी तुमच्याकडे टक लावून बघतात, आणि तेवढ्यात तुम्हाला काहीतरी बोलायचं असतं. बोलणं चांगलं असेल, हातात काही असेल, तर सूत्रधार फाशाला एकदोनाची भर देऊ शकतो.

राखणदारापुढे रोट ठेवला तेव्हा मी एकाची भर दिली. फासे ८ आले होते, ९ झाले. त्याने रोट उचलला आणि वाट सोडली. चार फाशांचा तो राक्षस समोरासमोर आला असता तर दोघं तरी कापली गेली असती. नियम भीती आणि नैवेद्य मोजत होता म्हणून जे सुचलं ते चाललंही. जिथे हा तक्ता नसतो तिथे सूत्रधाराच्या मनावर सगळं, आणि सूत्रधाराला आपला राक्षस लढवून बघायची हौस असते. मला होती.

याचाच जोडीदार म्हणजे मनोधैर्य. गॉब्लिनांचं ७. पहिला गडी पडला की दोन फासे, ७च्या वर गेले की टोळी पळते. म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळा एका मरणावर लढाई संपते. निम्मे पडले की पुन्हा. इसेन्शियल्समध्ये हा नियम ऐच्छिक म्हणून छापलाय; ऐच्छिक समजू नका. तो काढला तर प्रत्येक लढाई शेवटच्या गॉब्लिनपर्यंत चालते आणि तीन तासांत दोन खोल्या होतात. केर्नमध्येही हे आहे, वेगळ्या रूपात: पहिला पडला की आणि निम्मे पडले की शत्रू मनोबलाचा फासा टाकतो.

वजन, प्रकाश आणि हंडा. हे तिन्ही एकत्र सांगतो, कारण गुहेत ते वेगळे करता येत नाहीत.

इसेन्शियल्समध्ये गुहेतला काळ टर्नमध्ये चालतो, एक टर्न दहा मिनिटं. मशाल सहा टर्न, कंदिलातलं तेल चोवीस. साधारण दर दोन टर्नला सूत्रधार एक फासा टाकतो. १ आला की भटकं काहीतरी अंगावर. आता वजन नाण्यांत मोजायचा सविस्तर पर्याय घ्या. साखळी-चिलखत ४००, ढाल १००, तलवार ६०, किरकोळ सामान ८०: योद्धा गुहेत शिरतो तेव्हाच ६४० नाण्यांचा असतो, आणि टर्नला ६० फूट चालतो. हंड्यातली ३,००० नाणी चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकी ७५०. योद्धा १,३९० झाला; वेग ३० फूट. टोळी चालते सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने. २४० फुटांची वाट चार टर्नांऐवजी आठ टर्नांची झाली. एक मशाल पुरत नाही. भटक्यांचे फासे दोनऐवजी चार, आणि त्यांत एकदा तरी काही येण्याची शक्यता ३१ टक्क्यांवरून ५२वर.

हा हिशेब मी खेळाडूंना सांगितला नव्हता. त्यांनी अंधारात, हंड्याभोवती बसून स्वतःच केला, आणि चोराने सुचवलं की चिलखतवाल्याच्या पाठीवर काहीच टाकू नका, मांत्रिकाला हमाल करा. त्याच्या अंगावर झगा नि सुरी सोडली तर काय आहे? पाचशे नाणी उचलूनही तो योद्ध्यापेक्षा जलद चालतो. शेवटी हजारभर नाणी खड्ड्यात पुरून, वर शेवाळ टाकून ते बाहेर आले. पुढच्या रविवारी कोणीही न सांगता सगळे वेळेआधी हजर होते.

सविस्तर नाणी मोजणं जड जात असेल तर केर्नची पद्धत बघा: प्रत्येकाकडे दहा खाने, मोठी वस्तू दोन खाने आणि दोन्ही हात अडवते, दमणूक झाली की तीही एक खाना खाते. दहा भरले की एचपी शून्य. हंडा उचलणं म्हणजे ढाल टाकणं, हे पहिल्या मिनिटाला कळतं. नाण्यांची बेरीज करताना ज्यांचे डोळे मिटतात त्यांच्यासाठी हे बरं. पण वेग, वाट, मशाल यांची ती घट्ट गाठ इथे नसते. बाहेर येणं सोपं गेलं.

सोनं. हंडा उचलायचा कशाला, याचं उत्तर अनुभवाच्या नियमात आहे. इसेन्शियल्स आणि व्हाइट बॉक्समध्ये बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभव-गुण. पाच गॉब्लिन मारले तर इसेन्शियल्समध्ये २५ गुण, चौघांत वाटून जेमतेम सहा. हंडा ३०० सोन्याचा, प्रत्येकी ७५. योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० लागतात. हे कळलं की कोणी लढत नाही. सगळे चोर होतात. लढाईला जोखीम सगळी, पगार काहीच नाही.

बेसिक फँटसीत गोष्ट उलटी. तिथे मूळ नियमात अनुभव राक्षसांना हरवल्याचा, खजिन्याचा अनुभव हा ऐच्छिक भाग. गॉब्लिनला दहा गुण. तीच माणसं, तीच गुहा, पण त्या रविवारी मासे भाजणाऱ्या गॉब्लिनांवर सरळ चालून गेली आणि हंडा "नंतर बघू" म्हणून राहिला. एका ओळीचा फरक, टोळीचा स्वभाव वेगळा. बेसिक फँटसी निवडणार असाल तर ही एक ओळ पहिल्या दिवशीच ठरवा. पुस्तक बाकी सगळ्यात शहाणं आहे.

केर्नमध्ये अनुभव-गुणच नाहीत. माणूस वाढतो तो जखमांनी आणि सापडलेल्या वस्तूंनी. छोट्या मोहिमेला छान, वर्षभर खेळायचं असेल तर खेळाडू तिसऱ्या महिन्यात विचारतात, "आमची प्रगती कुठे?"

सापळा. इसेन्शियल्सच्या पहिल्या पातळीच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता दहा टक्के. बेसिक फँटसीत तो निकामी करण्याची वीस. हे आकडे बघून चोर घेणारा खेळाडू रुसतो. त्याला सांगा, फासा हा शेवटचा उपाय. कडी कशाची आहे? दोऱ्याने लांबून ओढली तर? सुरीच्या टोकाने दाबली तर? आमच्या चोराने कडीत मेण ओतलं, आणि सुई अडकली. त्यासाठी फासा नव्हता, लागलाही नाही. चुकलंच तर इसेन्शियल्समध्ये विषाविरुद्ध योद्ध्याला १२ हवेत, आणि पाच प्रकारच्या धोक्यांना पाच वेगळे आकडे. व्हाइट बॉक्समध्ये एकच आकडा, काही वर्गांना ठरावीक धोक्यांत थोडी सवलत. पाच आकड्यांत जुन्याची चव आहे हे खरं, पण वहीत "पुस्तक उघडलं" या रकान्यातल्या निम्म्या खुणा त्यांच्याच होत्या.

मंत्र. इसेन्शियल्सच्या मांत्रिकाला पहिल्या पातळीवर दिवसाला एक मंत्र. झोपेचा मंत्र घेतला तर गॉब्लिनांची अख्खी टोळी आडवी, आणि मग तो दिवसभर हमाल. क्लेरिकला पहिल्या पातळीवर एकही नाही. केर्नमध्ये मंत्राचं पुस्तक हातात असलं की कोणीही म्हणू शकतो, कितीही वेळा. दर वेळी दमणुकीचा एक खाना भरतो. म्हणजे मंत्र आणि हंडा एकाच जागेसाठी भांडतात. ही युक्ती मला फार आवडते. गप्प बसणारा खेळाडू आमच्याकडे मांत्रिकच असायचा. केर्नच्या रविवारी तो पहिल्यांदा सगळ्यात जास्त बोलला.

राहिलेले दोन, धावते

'डंजन क्रॉल क्लासिक्स'मध्ये मांत्रिक फासा टाकतो आणि मंत्राचं काय होईल ते अख्ख्या तक्त्यातून निघतं. कधी राक्षस जळतो, कधी मांत्रिकाचाच चेहरा बिघडतो. सुरुवातीला प्रत्येकाला तीनचार फाटकी माणसं मिळतात, त्यातलं जगेल ते तुमचं पात्र. एका पावसाळी रात्रीसाठी याच्याइतकी मजा कशात नाही. अडचण फाशांची: सात, चौदा, सोळा, चोवीस, तीस मुखांचे फासे लागतात, आणि ते गोव्यातल्या दुकानांत शोधत फिरू नका. फोनवर टाका.

'शॅडोडार्क' २०२३चा, केल्सी डिऑनचा. त्यात मशाल खऱ्या घड्याळाने एक तास जळते. आम्ही खेळत असताना चाळीसाव्या मिनिटाला वीज गेली. मेणबत्ती लावेपर्यंत कोणीतरी विचारलं, ही मशाल धरायची का? मोठा वाद झाला. ज्या गटाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा खेळ ठाऊक आहे त्यांना इकडे वळवायला हा सगळ्यात सोपा पूल.

'अॅडव्हान्स्ड'ची फांदी, म्हणजे 'ओसरिक' वगैरे, मी मुद्दाम बाजूला ठेवली. ती वाईट नाही; पण पहिली तुलना तिच्यापासून केली तर तुम्ही नियम शिकत बसाल, गुहा राहून जाईल.

शेवटचं काम: निवडा, आणि एक पान लिहा

वही उघडून "काय मागे टाकलं" हा रकाना वाचा. तिथे ज्या पुस्तकाखाली सगळ्यात जास्त लिहिलंय, ते तुमच्या टेबलाला चावलं. घरातली दहाबारा वर्षांची मुलं किंवा कधीच न खेळलेले नातेवाईक असतील तर केर्न. फक्त लुडोचे फासे आणि एक वीसमुखी असेल तर व्हाइट बॉक्स. वर्षभर दर रविवारी बसायचं असेल आणि हिशेबाची किळस नसेल तर इसेन्शियल्स. सगळ्यांना छापील प्रत हवी पण खर्च नको, तर बेसिक फँटसी. झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढा आणि मधोमध शिवून घ्या.

हे सगळे भाऊबंद असल्यामुळे एकाचा नियम दुसऱ्यात बसतो. आम्ही इसेन्शियल्स धरलं, नाणी मोजणं सोडून केर्नचे खाने घेतले, धोक्यांच्या पाच आकड्यांऐवजी एकच घेतला, सोन्याचा अनुभव आणि भीतीचे दोन्ही तक्ते जसेच्या तसे ठेवले. शून्य एचपीला मरण हा नियम मतदानाला टाकला. तीन विरुद्ध दोन मतांनी मरण जिंकलं. हे सगळं एका पानावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं, म्हणजे सूत्रधाराला आयत्या वेळी मत बदलता येत नाही.

ते पान मराठीत लिहा. बेसिक फँटसीची २०२३ची चौथी आवृत्ती आणि केर्न, दोन्ही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहेत की मूळकर्त्याचं नाव देऊन, त्याच परवान्याखाली खुलं ठेवून, तुम्ही भाषांतर करू शकता, वाटू शकता. आमची केर्नची पात्रपत्रिका पेडण्याच्या गड्याने मराठीत केली. 'स्ट्रेंग्थ'ला ताकद आणि 'डेक्स्टेरिटी'ला चपळाई लगेच जमलं. 'विलपॉवर'वर तो अडला. मनोबल, जिद्द, धीर असं करत शेवटी त्याने लिहिलं 'नेट'. राखणदारासमोर रोट धरून उभं राहायला हेच लागतं, म्हणाला.